मागचा ब्रेक

तपासणी करणाऱ्या साहेबांनी तिच्या मोटरसायकलभोवती एक फेरी मारली, हॉर्न वाजवून बघितला, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकवले, आरशावर बोट फिरवून त्या बोटाकडे पाहिलं, खाली वाकून चासीचा नंबर कागदाशी ताडला आणि मग मागच्या चाकापाशी उभं राहून, दुसऱ्याच कोणाच्या गाडीबद्दल बोलावं तशा सुरात म्हणाले, "नाही होणार." तिला आधी वाटलं, साहेब फोनवर बोलताहेत. मग त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे आपल्यालाच. "काय नाही होणार?" तिने विचारलं. "पास नाही होणार. मागच्या उजव्या फूटरेस्टला रबर कुठंय? नुसती लोखंडी दांडी राहिलीय." ती हसलीच. "साहेब, एका रबरासाठी?" "बाई, पंधरा वर्षं झालेली गाडी आणखी पाच वर्षं रस्त्यावर आणायची परवानगी मागताय तुम्ही. मागे माणूस बसतो की नाही?" "बसतो." "मग त्याचा पाय सरकला तर त्याने काय करायचं?" मागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे खुदकन हसले. साहेबांनी कागद तिच्या हातात ठेवला. "रबर बसवा, आठवड्याभरात परत आणा. बाकी गाडी उत्तम आहे," असंही ते म्हणाले, पण तोवर तिचे कान बंद झाले होते.

नापास हा शब्द तिच्या घरचा नव्हता. शाळेत नाही, कॉलेजात नाही, नोकरीत तर नाहीच. ती शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत होती. सकाळी मोटरसायकलवर बाटल्यांची पेटी बांधून निघायचं, ठरलेल्या गल्ल्यांतल्या ठरलेल्या नळांचं पाणी भरून आणायचं, दुपारभर ते तपासायचं आणि संध्याकाळी खाली सही करायची, 'पिण्यास योग्य'. तिची सही झाली की शहर निर्धास्तपणे पाणी पिणार. या गोष्टीचा तिला गर्व नव्हता, पण सवय झाली होती. आणि गाडीच्या बाबतीत तर प्रयोगशाळेतले लोक म्हणत, हिच्या गाडीला विचारून कॅलेंडर छापतात. चेनला तेल, टायरमधली हवा, बॅटरीचं पाणी, प्लगची फट, एअर फिल्टरची झाडझूड, सगळं ती स्वतः करी. विमा संपायच्या आधी विमा, धुराचं प्रमाणपत्र संपायच्या आधी ते, लायसनची मुदत तर आधीच्या वर्षापासून तिच्या डोक्यात घोळत असे. एकदा नाकाबंदीत एका हवालदाराने तिची कागदांची पिशवी उघडली आणि आतल्या प्लास्टिकच्या कप्प्यांकडे बघत तो म्हणाला होता, "मावशी, एवढं तर आमच्या ठाण्यातही नाही." आणि आता रबर. दर रविवारी हाताने पुसते ती गाडी, आणि रबर गेलेलं दिसलं नाही? गाडी ढकलत फाटकाबाहेर आणल्यावर तिने वाकून बघितलं. फूटरेस्ट वर दुमडलेला होता. धुताना ती तो नेहमी वरच दुमडून ठेवी, आणि दुमडला की त्याची पाय ठेवायची बाजू आत वळे. तिने तो बोटाने खाली ओढला. मधोमध लोखंड उघडं पडून चांदीसारखं चकाकत होतं. गंजाचा कणसुद्धा नव्हता, कारण रोज कोणीतरी ते पॉलिश करत होतं.

मिस्त्रीचं गॅरेज तिथून जवळच होतं. मिस्त्री वयाने तिच्याएवढाच, बडबड्या, आणि तिला पाने उसने देणारा एकमेव माणूस. बाकीची गॅरेजवाली मंडळी बाईच्या हातात पाना बघितला की एक तर कौतुक तरी करत, नाही तर हिसकावून तरी घेत. हा दोन्ही करत नसे. त्याने डावा फूटरेस्ट बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा बघितला आणि मांडीवर थाप मारली. "मॅडम, गंमत बघा. डाव्याच्या खाचा अजून कोऱ्या करकरीत आहेत. उजव्याचा चट्टामट्टा. तुमचे साहेब मागे बसून ब्रेक मारतात हो!" "काहीतरीच काय." "काहीतरीच नाही. तुम्ही पुढे मारता, ते मागे मारतात. डबल ब्रेकची गाडी!" तीही हसली. मिस्त्री डब्यात रबर शोधायला लागला, आणि शोधता शोधता म्हणाला, "येताना मागून कटकट आवाज येत होता. बसा बरं मागे, एक चक्कर मारू. चालवणाऱ्याला ऐकू येत नाही तो, मागे बसणाऱ्यालाच येतो." ती मागे जाऊन बसली. बसली खरी, पण बसता बसता तिला कळलं की या गाडीच्या मागच्या सीटवर ती आज पहिल्यांदा बसतेय. पंधरा वर्षांत कधी वेळच आली नव्हती. सीट तिला वाटलं त्यापेक्षा उंच होती आणि मागच्या बाजूला उतरती होती, म्हणजे बसणाऱ्याला सतत वाटावं, आपण गळून पडतोय. हातांना काम नव्हतं. समोर मिस्त्रीची पाठ होती, घामाने चिकटलेला शर्ट होता, आणि त्यापलीकडे रस्ता असावा, पण दिसत नव्हता. गाडी सुटली. एक हातगाडी कडेने आली, नुसती तिची सावली आली, आणि पुढच्या क्षणी मिस्त्री उजवीकडे कलला. का कलला ते तिला कळलं नाही. कलल्यावर कळलं, आणि कळेपर्यंत ते होऊन गेलं होतं. मागून दिसतं ते सगळं झाल्यानंतर दिसतं. चौकात समोरची बस थांबली. मिस्त्री थांबवणार हे उघड होतं, तो कसलेला माणूस होता, पण त्याच्या आधी अर्ध्या श्वासाने तिचा उजवा पाय खाली दाबला गेला. पायाखाली काहीच नव्हतं. नुसती दांडी. तरी ती दाबत राहिली, पोटरीत गोळा येईपर्यंत. बस पुढे सरकली. मिस्त्रीने मान वळवून विचारलं, "ऐकलंत?" तिने काहीच ऐकलं नव्हतं.

त्याने मागच्या शॉकअपचा बुश बदलला, रबर बसवलं, आणि ती कामावर गेली. दुपारभर काचेच्या नळ्यांमध्ये पाणी रंग बदलत राहिलं आणि तिच्या मनात एक जुना रस्ता येत राहिला. दहा-अकरा वर्षं झाली असतील. वळणावर कोणाच्या तरी ट्रकमधलं डिझेल सांडलं होतं आणि गाडी अशी अलगद आडवी झाली, की जणू तिला झोपच आली होती. फारसं लागलं नव्हतं. तिचा कोपर सोलवटला, नवऱ्याचा खांदा दुखावला. काही दिवस त्याचा हात गळ्यात बांधलेला होता आणि दुकानात तो डाव्या हाताने कात्री धरायला शिकला, यावर घरात पुष्कळ विनोद झाले. ही गोष्ट ती पाहुण्यांना सांगे. तिच्या तोंडून ती छान रंगे, कारण तिच्यात एक क्षण असा होता की पडल्या पडल्या ती उठली आणि एवढी वजनदार गाडी तिने एकटीने उचलून स्टँडला लावली. "बैलगाडी असती तरी उचलली असती हिने," अशी पुस्ती नवरा जोडी, आणि सगळे हसत. आज पहिल्यांदा तिला त्या गोष्टीतली जागा बदलून बघावीशी वाटली. म्हणजे आपण गाडी उचलत होतो तेव्हा तो कुठे होता? फुटपाथच्या कडेला बसला होता, खांदा धरून. आपण गाडी उचलली, किल्ली फिरवून बंद केली, पेट्रोलचा कॉक बघितला, हँडल सरळ आहे का ते बघितलं, आणि मग वळून त्याला काहीतरी म्हणालो. काय म्हणालो? 'काही झालं नाही ना?' की नुसतंच 'काही झालं नाही'? सगळा जीव त्या शेवटच्या 'ना'वर होता. 'ना' असला तर ते विचारणं होतं. नसला तर ती सही होती. पिण्यास योग्य. तिने खूप आठवून बघितलं. स्वतःचा आवाज आठवला, डिझेलचा वास आठवला, हेल्मेटच्या आत घुमणारा श्वास आठवला, पण तो एवढासा 'ना' काही केल्या सापडेना. आणि मग एकातून एक आठवायला लागलं. घर घेताना ती म्हणाली होती, "चांगलं आहे." लेकीला त्या शाळेत घालताना म्हणाली होती, "तिथेच बरं." नवऱ्याने मोठ्या दुकानातली नोकरी नाकारली तेव्हा, "तुम्हाला ती जमलीच नसती." तिच्या घरात ती नवऱ्याला अहो म्हणे, तुम्ही म्हणे, बोलण्यात कुठे म्हणून उणं नव्हतं, पण सगळे हुकूम 'अहो'नेच सुरू होत. अहो, चला. अहो, धरून बसा. अहो, ठरलं आता. आणि तो "बरं" म्हणे. त्या "बरं"च्या आत काय होतं ते तिने कधी नळीत घालून बघितलं नव्हतं. वर्षानुवर्षं आपल्या पाठीमागे, आपल्याला न दिसणाऱ्या जागी, एक माणूस बिनब्रेकचा ब्रेक दाबत बसला होता, आणि आपण वाऱ्याला गाणी ऐकवत होतो.

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे त्याच्या दुकानासमोर थांबली. तो एका शिंप्याच्या दुकानात कटर होता, म्हणजे मापं घ्यायची आणि कापड कापायचं. शिवणारे वेगळे. गळ्यातली टेप खिशात कोंबत तो बाहेर आला, पायाने फूटरेस्ट खाली पाडला आणि बसला. नवीन रबर त्याच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. वाटेत ती मुद्दाम लक्ष देऊन चालवत होती. प्रत्येक ब्रेकच्या जरा आधी त्याचा उजवा गुडघा तिच्या मांडीला किंचित लागे आणि सुटे. लागे आणि सुटे. इतकी वर्षं तिला हे जाणवतच होतं की, फक्त ती त्याला माया समजत होती.

घरी आल्यावर तो चहा टाकायला गेला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. "अहो, गाडी नापास झाली आज." "तुझी?" त्याला खरोखर धक्का बसला. "कशात?" "तुमच्या पायात." तिने रबराचं सांगितलं. तो चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मशिनीची सवय असेल गं. पाय चालतो आपोआप." "मशिनीवर तुम्ही बसता कधी? तुम्ही उभ्याने कापता." तो थांबला, आणि खोटं उघडं पडलेल्या पोरासारखा हसला. "पकडलंस."

"भीती वाटते?"

"वाटते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे आपण घसरलो त्याच्या आधीपासून?"

"घसरलो तेव्हा उलट बरं वाटलं मला. म्हटलं, आपण घाबरतो ते अगदीच उगाच नाही."

"मग इतक्या वर्षांत बोलायचं नाही?"

"बोललो होतो ना. लग्नाआधी, तुझ्या दादाच्या गाडीवर. म्हटलं, जरा भीती वाटते. तू म्हणालीस, घट्ट धरून बसा. मी धरून बसलो. ते मला फारच आवडलं, मग परत कशाला बोलतो!" त्याने दोन कप भरले आणि एक तिच्यापुढे सरकवला. तिला हसू येत होतं आणि हसावंसं वाटत नव्हतं. दुपारपासून घशात अडकलेली गोष्ट तिने विचारून टाकली. "त्या दिवशी घसरल्यावर मी तुम्हाला काय म्हणाले? 'काही झालं नाही' म्हणाले की 'काही झालं नाही ना'?" त्याला आठवायला वेळच लागला नाही. "यातलं काहीच नाही. तू म्हणालीस, 'टाकीला पोचा नाही आला.'" "तुम्हाला म्हणाले?" "मला कुठे? गाडीला." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की त्यात तक्रार शोधूनही सापडली नसती. दुपारभर ती एका अक्षरासाठी मनाचा कानाकोपरा धुंडाळत होती आणि तो प्रश्न मुळात विचारलाच गेला नव्हता. भांडायला काही निमित्त हवं असतं. तेही तो देत नव्हता. तिने चहा प्यायला, कप विसळला, त्याचाही विसळला. नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी घट्ट होतं, दगडासारखं, आणि ते हलत नव्हतं. ते म्हणजे तिची स्वतःबद्दलची खात्री. आपण चुकलो हे तिला दिसत होतं आणि आपण मोडलो नाही हेही दिसत होतं. एक पुर्जा झिजलेला सापडला म्हणून कोणी गाडी भंगारात देत नाही. पण सापडल्यावर तशीच चालवतही नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी पास झाली. त्याच साहेबांनी नव्या रबरावर बुटाचं टोक दाबून बघितलं आणि सही केली. पाच वर्षांची परवानगी पिशवीत घालून ती घरी आली, आणि तिने ठरवलेली गोष्ट केली. म्हणजे ठरवली नाही, विचारली. लेक चार महिन्यांपूर्वी समुद्राकाठच्या एका गावात नोकरीला लागली होती. तिच्याकडे मोटरसायकलने जायचं, दिवसभराचा रस्ता, मधे डोंगर, असा बेत तिने कधीच आखून ठेवला होता, आणि त्याने कधीच "बरं" म्हटलं होतं. "अहो, लेकीकडे जायचंय त्याबद्दल. तुम्हाला यायचंय का माझ्यामागे?" तो कापडावरच्या खडूच्या रेषेकडे बघावं तसा टेबलाकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला. "मी बसने येतो." इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याचं "नाही" ऐकलं नव्हतं. बारीक, कोरडा आवाज होता त्या "नाही"चा, नव्या बुटासारखा. पहिल्यांदा तिला राग आला. म्हणजे विचारायची सोयच नाही का. मग राग ओसरला आणि एक विचित्र हलकेपणा आला, कारण आता मागचे सगळे "बरं" जरा जास्त खरे वाटायला लागले. ज्याला नाही म्हणता येतं त्याचं हो मोजता येतं. लेकीला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "बाबा बसने? भांडलात का तुम्ही?" "नाही गं. त्यांनी नाही म्हटलं."  पलीकडून, "आपल्या बाबांनी?"

शनिवारी सकाळी त्याला बसस्थानकाच्या रिक्षात बसवून ती निघाली, आणि शहर मागे पडल्यावर तिने कबूल करून टाकलं की आपल्याला फार आनंद होतोय. खोटं कशाला बोला. गाडी हलकी होती, वळणं लोण्यासारखी कापली जात होती, मागून कटकट नव्हती, मांडीला गुडघा नव्हता. डोंगर चढताना तिने मनसोक्त चालवली. बावन्न वर्षांचं अंग असं एका रेषेत आलं की त्याला वय राहत नाही. त्याची आठवण येतेय का हे तिने दोनदा तपासून बघितलं आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, आत्ता नाही. हे उत्तर तिला आवडलं. आतल्या गाळण्याबिळण्या न लावता आलेलं होतं ते. गेल्या कित्येक वर्षांत ती एवढ्या लांब एकटी कधी गेली नव्हती, आणि एकटी असताना आपण कशा दिसतो ते तिला नीट दिसत होतं. हुकूम सोडणारी बाई, हो. पण चांगली चालवणारीही. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

डोंगर उतरल्यावर जिथे बसगाड्या जेवणासाठी थांबतात तिथे तो उभा होता. बस तिच्या आधी कशी पोचली म्हणून तिला जरा अपमानच वाटला, मग आठवलं की मधे आपण दोनदा दरीकडे बघत बसलो होतो. त्याच्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास होते आणि चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं?" "तो ड्रायव्हर तुझ्यापेक्षा वाईट आहे," तो म्हणाला. "उतारावर एका हाताने बिडी पेटवत होता. मी तिथेही पाय दाबत होतो. शेजारचा म्हणाला, आजोबा, पाय आखडलाय का?" ती हसायला लागली आणि ग्लासातला चहा सांडला. तेवढ्यात कंडक्टरने बसच्या पत्र्यावर थाप मारली, चला चला, बसा. माणसं हात पुसत बसमध्ये चढायला लागली. तो चढला नाही. आत जाऊन आपली बॅग घेऊन आला आणि तिच्या गाडीला टेकून उभा राहिला. "बस जाईल," ती म्हणाली. "जाऊ दे. त्याला काही सांगता येत नाही. तुला सांगता येईल." "काय सांगणार?" "सगळं. मी बोलणार वाटभर. पाय नाही दाबणार, बोलणार. चालेल?" धुरळा उडवत बस निघून गेली होती, तेव्हा चालण्या-न चालण्याचा प्रश्न तसा उरला नव्हता. पण त्याने विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत होता. "चालेल," ती म्हणाली. दुसरं हेल्मेट मागे बांधलेलंच होतं. ते का बांधलं हे सकाळी तिने स्वतःला विचारलं नव्हतं. बॅग टाकीवर बांधायला तिला जरा वेळ लागला आणि तोवर तो उभ्या उभ्या हेल्मेटचा पट्टा मापाने सैल करत राहिला, एक बोट आत जाईल इतका, गिऱ्हाइकाची कॉलर बघावी तसा.

"किती वेगाने?" तिने विचारलं.

"चाळीस."

"चाळीसने बैल जातो. साठ."

"पंचेचाळीस."

"अहो, मागचे हॉर्न मारून मारून मारतील आपल्याला. पंचावन्न, आणि वळणावर तुम्ही म्हणाल तो."

"बरं," तो म्हणाला, आणि हे "बरं" तिने पारखून घेतलं. त्यात थोडी नाराजी होती. छान होती.

आणि तो बोलायला लागला. खड्डा आहे. कुत्रं आहे. वळण आहे, आता कमी कर, आणखी कमी कर. ती बाई कडेने चाललीय, तिला हॉर्न दे, इतक्या जोराने नको, दचकेल. तो पोरगा बघ कसा चालवतोय. पाच मैलांत तिचं डोकं उठलं. इतक्या वर्षांत हा माणूस एकूण बोलला नसेल एवढं तो तिच्या कानाच्या मागे बोलत होता, आणि त्यातलं निम्मं तिला आधीच दिसलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं चूक होतं. एकदा तर रस्त्यावर पडलेल्या सावलीला तो खड्डा म्हणाला. गप्प बसा ना जरा, हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले. तिने ते गिळले नाहीत, नुसते तोंडात धरून ठेवले. न जाणो, पुढे लागतील. त्याचे हात तिच्या कमरेशी होते, घट्ट नव्हते. पुढे उसाने भरलेला एक ट्रक डुलत चालला होता आणि रस्ता अरुंद होता.

"ट्रक आहे पुढे," तो म्हणाला.

"दिसतोय."

"दिसतोय तर हळू कर."

तिने हळू केली. ट्रकच्या मागे उसाची पानं लोंबत होती आणि ती हेल्मेटच्या काचेला लागतील इतकं अंतर राहिलं, तेव्हा तिने ते आणखी वाढवलं. ट्रक थोडा डावीकडे सरकला. "आता जा," तो म्हणाला. ती गेली नाही.

"आता नाही. समोरून गाडी येतेय."

"मला दिसत नाही."

"मला दिसतेय."

समोरून एक मोठी गाडी आली, वाऱ्याचा लोट सोडून निघून गेली, आणि दोघांचे कपडे एकदमच फडफडले.

"गेली?"

"गेली."

"आणखी कोणी?"

ती थोडी उजवीकडे सरकली, मान काढून लांबवर बघितलं. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, अगदी शेवटी एक चमकती पट्टी. तो समुद्र असावा. "कोणी नाही."

"मग जा की," तो म्हणाला. "बघत काय बसलीस."

तिने गियर खाली टाकला आणि ती गेली.